सालींचा अर्क आणि चिवट जिवाणू

प्रश्न : फळांच्या चोथ्याचा अर्क लावल्यास अन्नप्रक्रियेच्या यंत्रांवर जिवाणू चिकटत नाहीत, हे खरे आहे का?

उत्तर : तत्त्वतः खरे आहे. लिस्टेरियासारखे, अन्नातून आजार पसरवणारे जिवाणू स्टेनलेस स्टीलवर आधी सैलसर टेकतात आणि मग स्वतःभोवती शर्करा व प्रथिनांचा चिकट थर तयार करतात. तो पक्का झाला की जंतुनाशकाचाही प्रभाव कमी पडतो, म्हणून त्यांना टेकण्याच्या टप्प्यावरच अडवणे अधिक सोपे असते. द्राक्षांच्या चोथ्यातील पॉलिफेनॉल (वनस्पतींत आढळणारी नैसर्गिक संयुगे) पृष्ठभागाचे गुणधर्म बदलू शकतात, तसेच जिवाणूंच्या आपसांतील रासायनिक संदेशवहनात अडथळा आणू शकतात. मात्र अर्कातील साखर काढून टाकली नाही, तर (गंमत म्हणजे) तीच जिवाणूंचे खाद्य ठरते. शिवाय फळाचे वाण आणि हंगाम बदलला की अर्काची ताकदही बदलते. यंत्रे घासून धुण्याला मात्र हा पर्याय नाही.