बफर ३२ चा ६४ केला, भागलं का?

प्रश्न : आमच्या वायफाय ड्रायव्हरमध्ये स्कॅन करताना अधूनमधून कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कोसळतो. केसॅन (कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावलं, तर नेटवर्कचं नाव (एसएसआयडी) कॉपी होतं त्या ओळीवर 'स्लॅब-आउट-ऑफ-बाउंड्स', म्हणजे दिलेल्या जागेच्या बाहेर गेल्याची तक्रार, येतं. नाव ३२ बाइटपेक्षा मोठं नसतं, म्हणून बफर (नाव ठेवायची मेमरीतली जागा) तेवढाच होता. तो ६४ केल्यावर कोसळणं थांबलं. एवढं पुरे का?

उत्तर : नाही हो. तुमच्या टेबलावरचं कोसळणं थांबलं, चूक तिथंच आहे.

फ्रेममध्ये, म्हणजे हवेतून येणाऱ्या संदेशात, नावाच्या आधी दोन बाइट येतात. पहिल्यात घटकाचा (फ्रेममधल्या त्या तुकड्याचा) क्रमांक, दुसऱ्यात लांबी. हा लांबीचा बाइट ० ते २५५ काहीही सांगू शकतो. ३२ ची मर्यादा पाळायची पाठवणाऱ्यानं, आणि तो कोण हे स्कॅनच्या वेळी तुम्हाला ठाऊक नसतं. पासवर्डचा प्रश्न तर पुढेच येतो. बीकन (नेटवर्क आपली ओळख सांगतं ती फ्रेम) कुणीही हवेत सोडावा. २०१५ साली डब्ल्यूपीए सप्लिकंट या वायफाय जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नेमकं हेच सापडलं : वायफाय डायरेक्टच्या (दोन उपकरणं थेट जोडण्याच्या) कोडमध्ये लांबी न तपासता ३२ बाइटच्या जागेत नाव कॉपी होत होतं. २५५ मधून ३२ गेले, म्हणजे २२३ बाइट शेजाऱ्याच्या घरात, मेमरीतल्या पुढच्या जागेवर.

तपासण्या दोन लागतात. फ्रेममध्ये खरोखर तेवढे बाइट उरलेत का, ही पहिली. ती चुकली तर फ्रेमच्या पलीकडचं वाचाल. लांबी ३२ च्या आत आहे का, ही दुसरी. दोन्ही कॉपी करायच्या आधी. मोठं नाव कापून ३२ चं करायचा मोह होतो, पण कापलेलं नाव दुसऱ्याच नेटवर्कचं निघू शकतं. मी तो घटक सरळ टाकून देतो.

लांबी अनसाइन्ड प्रकारात (ज्यात उणे संख्या नसतात) घ्या. मी एकदा नुसता 'चार' (char हा एका बाइटचा प्रकार, त्यात उणे संख्याही बसतात) लिहिला होता. २०० आले, त्याचे झाले उणे ५६. उणे ५६ काही ३२ हून मोठे नाहीत, तपासणी बिनबोभाट पार! पुढे मेमकॉपीनं (बाइट कॉपी करणाऱ्या फंक्शननं) तीच संख्या प्रचंड मोठी म्हणून वाचली. दोन दिवस मी भलत्याच फाइलमध्ये शोधत होतो.

चाचणीला ०, ३२, ३३ आणि २५५ लांबीची नावं द्या, शिवाय मध्येच तुटलेली एक फ्रेम. शून्य लांबी चालते बरं का, लपवलेली नेटवर्क बऱ्याचदा तशीच येतात. तिला चूक ठरवू नका. आणि नावाचा बफर एखाद्या स्ट्रक्टच्या (अनेक फील्ड एकत्र ठेवणाऱ्या रचनेच्या) आत असेल, तर ३३ वा बाइट शेजारच्या फील्डवर पडला तरी केसॅन गप्प राहतं. त्याला अख्ख्या ऑब्जेक्टच्या, म्हणजे एकदम मागून घेतलेल्या मेमरीच्या तुकड्याच्या, बाहेर गेलेलंच दिसतं. तेव्हा चाचणीत ते शेजारचं फील्ड आधी ओळखीच्या आकड्यानं भरा आणि नंतर तो आकडा शाबूत आहे का पाहा.