"सर्व्हर परदेशात आहे, काही होणार नाही" असं पोलिस ठाण्यात सांगितलं तर

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १४ वर्षांच्या भाचीकडून इन्स्टाग्रामवरच्या कुणीतरी गोड बोलून एक फोटो मिळवला. आता 'आणखी पाठव, नाहीतर हा सगळ्या वर्गाला पाठवतो' अशी धमकी देतोय. आणि ठाण्यात तुम्हाला सांगितलं, की अकाउंट बाहेरचं दिसतंय, सर्व्हर अमेरिकेत आहे, अर्ज देऊन जा.

पोक्सोच्या, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या प्रकरणांत बालकल्याण समिती मुलांसोबत सहायक व्यक्ती नेमते, ते काम मी करते. हे वाक्य मी बऱ्याच ठाण्यांत ऐकलंय. बोलणाऱ्याचा हेतू दरवेळी वाईट असतो असं नाही, बहुतेकदा त्याला पुढची वाट माहीत नसते. पण ते खरं नाही.

सर्व्हर अमेरिकेत असणं उलट तुमच्या पथ्यावर पडणारं आहे. मुलांच्या शोषणाचा मजकूर आढळला, की तिथल्या कंपनीला तो 'नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉयटेड चिल्ड्रन' या संस्थेला कळवावाच लागतो, तसा कायदाच आहे. एप्रिल २०१९ मध्ये आपल्या एनसीआरबीने (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने) या संस्थेशी करार केला. भारताशी संबंधित खबर दिल्लीहून राज्याकडे आणि तिथून जिल्ह्याला पोचते ती त्यामुळे. महाराष्ट्र सायबरचं २०२० मधलं 'ऑपरेशन ब्लॅकफेस' अशाच खबरींवर उभं राहिलं. सप्टेंबर २०२२ मध्ये सीबीआयने 'मेघ चक्र' नावाने वीसेक राज्यांत छापे घातले, तेव्हा मूळ माहिती न्यूझीलंड पोलिसांची होती आणि ती इंटरपोलच्या सिंगापूर शाखेकडून आली होती. त्याच्या कितीतरी आधी, कुलाब्याच्या अँकरेज आश्रमांतल्या मुलांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात अ‍ॅलन वॉटर्स हा ब्रिटिश आरोपी २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर पकडला गेला आणि तिथून मुंबईत आणला गेला. उच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्याला सोडलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये शिक्षा पुन्हा कायम केली. तेव्हा ना ऑनलाइन तक्रारीचं पोर्टल होतं ना खबरी देण्याघेण्याचे असले करार.

म्हणजे देशादेशांतलं काम चालतं. गाडी अडते ती शेवटच्या टप्प्यावर, आपल्याच ठाण्यात, आणि तीही फार साध्या कारणांनी.

खबरीत किंवा कंपनीच्या उत्तरात हाती काय येतं? ईमेल, कधी मोबाइल नंबर, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि वेळ. ही वेळ सहसा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. आपल्याकडे रात्री १:१० ला आलेला मेसेज कागदावर आदल्या दिवशीच्या १९:४० ला दिसतो. त्यात मोबाइल डेटावर एकाच आयपीमागे एका वेळी असंख्य ग्राहक असतात. सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट क्रमांक (त्या गर्दीतली एकेक जोडणी वेगळी ओळखायचा आकडा) दिला नाही, तर टेलिकॉम कंपनी नेमका ग्राहक सांगूच शकत नाही. साडेपाच तासांचा हिशेब चुकला, की पोलिस भलत्याच्याच दारात उभे. हे तपास अधिकाऱ्याचं काम आहे, तुमचं नाही, पण तुमच्या फिर्यादीत वेळ 'भारतीय वेळ' असं लिहून मिनिटासह असली, तर निदान ताडून बघायला काहीतरी राहतं.

तुमचं काम एवढंच: अकाउंटचं नाव लिहून थांबू नका. नाव आणि डीपी तो तासाभरात बदलतो. प्रोफाइलची पूर्ण लिंक आणि युजरनेम उतरवून घ्या. चॅट डिलीट करू नका, फोन फॉरमॅट करू नका. धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या, पण तो फोटो कुणालाही पाठवू नका, अगदी पोलिसांनासुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. फोनवरच दाखवा. 'पुरावा' म्हणून फॉरवर्ड करणारे काका-मामा मी पाहिलेत, आणि कायदा त्यांना वेगळं काढत नाही.

आता ठाण्यात. अर्जावर समाधान मानू नका, गुन्हा नोंदवायला सांगा. हद्दीचं कारण दिलं तर झिरो एफआयआर म्हणा, म्हणजे हद्द कुठलीही असो, गुन्हा इथेच नोंदवायचा. पोक्सोच्या कलम २१ मध्ये अशी माहिती नोंदवून न घेणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. हे शांतपणे, आवाज न चढवता सांगायचं. तरीही नाही म्हणाले तर तीच फिर्याद पोलिस अधीक्षकांना लेखी पाठवा. गुन्हा नोंदला, की तपास अधिकाऱ्याला त्याच दिवशी कंपनीला डेटा राखून ठेवण्याची विनंती पाठवायला सांगा. तिच्यावर कंपनी ९० दिवस माहिती जपते. खातेदाराची प्राथमिक माहिती थेट मागता येते. मेसेजच्या आतला मजकूर मात्र दोन्ही सरकारांमधल्या कराराच्या वाटेने येतो आणि ती वाट लांब आहे, त्यामुळे आधीच राखून ठेवलेला बरा. सोबत सायबरक्राइम पोर्टलवरही तक्रार टाका.

फोटो पसरायची भीती वाटते ना? त्याच अमेरिकन संस्थेची 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. फोटो फोनबाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो आणि सहभागी कंपन्या (इन्स्टाग्राम त्यात आहे) तो ठसा जुळला की फोटो काढतात. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या बंद चॅटवर याचा उपयोग नाही.

पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका, दिले की मागणी वाढते.

आणि भाचीला ठाण्याच्या बाकावर बसवू नका. तिचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेश न घालता. तशी मागणी तुम्ही आधीच करून ठेवा, आणि बालकल्याण समितीकडे सहायक व्यक्तीसाठीही अर्ज करा. जिल्हा लिहिलात तर तिथली समिती कुठे बसते ते सांगते.