बीबीसी ब्रिटनमध्ये जाहिराती घेत नाही, तरी तिच्या टेक-बातम्या कंपन्यांच्या कलाने का जातात?

तुमचा प्रश्न असा की बीबीसी ब्रिटनमध्ये लोकांच्या टीव्ही परवाना शुल्कावर चालते, जाहिराती घेत नाही, मग नव्या फोनची वा सॉफ्टवेअरची तिची बातमी प्रेसनोटसारखी का वाटते? पाकीट पोचतं का?

पाकिटाचा संशय मला पटत नाही. तेवढी वेळच येत नाही. मी काही वर्षं एका मराठी दैनिकात तंत्रज्ञानाचं पान बघायचो. प्रेसनोट आदल्या दिवशी फोटोंसकट यायची, वर एम्बार्गोची वेळ, म्हणजे त्याआधी बातमी छापायची नाही. सोबत परीक्षणासाठी फोन, आणि तो परत कधी न्यायला येणार याची तारीख. संध्याकाळी पान सोडायचं असतं, दुसरी बाजू सांगू शकेल असा माणूस फोन उचलत नाही, मग हातात आहे ते लागतं. दबाव कुणीच टाकलेला नसतो. बातमी मात्र कंपनीच्या तोंडची असते.

ही अडचण सगळ्याच न्यूजरूमची. सार्वजनिक वाहिनीची त्यात एक भर: जिच्याबद्दल बातमी द्यायची, त्याच कंपनीची ती गिऱ्हाईक किंवा भागीदार असते. आयप्लेयरचं, म्हणजे बीबीसीचे कार्यक्रम इंटरनेटवर बघायच्या सेवेचं प्रकरण बघा. सप्टेंबर 2006 मध्ये बीबीसीने मायक्रोसॉफ्टशी सामंजस्य करार केला. तो इतरांना दार बंद करणारा नव्हता, हे खरं. पण जुलै 2007 मध्ये आयप्लेयर लोकांसाठी खुला झाला तेव्हा तो फक्त मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एक्सपीवर चालत होता. परवाना शुल्क मात्र अॅपलचा मॅक किंवा लिनक्स ही मोफत प्रणाली वापरणाऱ्यांनाही तेवढंच, त्या वर्षी रंगीत टीव्हीला 135.50 पौंड.

आरडाओरड झाल्यावर बीबीसीचे तंत्रज्ञान प्रमुख अॅशली हायफिल्ड यांनी सांगितलं की आमच्या साइटवर लिनक्सवाले फार तर 400 ते 600. लोकांनी हिशेब मागितला तेव्हा आकडा सुधारून 36,600 ते 97,600 च्या दरम्यान गेला. मला हा आकडाच सगळ्यात बोलका वाटतो. खोटं बोलायचा हेतू होता असं मी म्हणत नाही. पण ज्या आकड्यावर निर्णयाचं समर्थन चाललंय तो कुणीच तपासून बघितला नव्हता, कारण आसपासच्या कुणाला तो खटकलाच नसावा. पुढे 2008 मध्ये हायफिल्ड मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. त्यांच्या खुर्चीत आलेले एरिक हगर्स 2007 साली मायक्रोसॉफ्टमधूनच बीबीसीत आले होते. यात बेकायदा काही नाही. एवढ्या मोठ्या कामाचा अनुभव असलेली माणसं आणायची तरी कुठून?

बीबीसीची बाजूही कच्ची नव्हती. कार्यक्रमांचे हक्क ज्यांच्याकडे, त्यांना डाउनलोड केलेली फाइल 30 दिवसांनी बंद पडायला हवी होती, आणि अॅपल फाइलला असं बंधन घालणारी आपली कुलूपव्यवस्था दुसऱ्याला द्यायला तयार नव्हती. डिसेंबर 2007 मध्ये फ्लॅश या ब्राउझरमध्ये व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, डाउनलोड न करता थेट बघायची सोय झाली आणि मॅक-लिनक्सचा प्रश्न बराचसा सुटला. म्हणजे मार्ग होता, आधी त्याची निकड वाटली नव्हती. (आणि हे काही नवं नाही. 1981 मध्ये बीबीसीने आपलं नाव एकॉर्न या ब्रिटिश कंपनीच्या कॉम्प्युटरला दिलं, तेव्हा तिचे प्रतिस्पर्धी कॉम्प्युटर-उत्पादक क्लाइव्ह सिंक्लेअर असेच चिडले होते.)

आता मायक्रोसॉफ्टच्या एखाद्या नव्या उत्पादनाची बातमी देणारा बीबीसीचा वार्ताहर या सगळ्यापासून स्वतंत्र असतो का? बहुतेक वेळा असतो, आणि आयप्लेयरवरची टीका बीबीसीच्या साइटवरही आली होती. पण ऐकणाऱ्याला तो करार माहीत नसतो. अमेरिकेतल्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओची एक सवय मला आवडते: गूगल किंवा अॅमेझॉनची बातमी देताना 'ही कंपनी आम्हाला आर्थिक साहाय्य करते' असं निवेदक मध्येच सांगून टाकतो. कानाला जरा विचित्र लागतं, पण तिथून पुढची बातमी किती गांभीर्याने घ्यायची ते आपलं आपल्याला ठरवता येतं. बीबीसीने तंत्रज्ञान पुरवठादारांच्या बाबतीत हेच करावं, अशी तक्रार तुम्ही त्यांच्या तक्रार विभागाकडे नक्की करू शकता.