उंदरातला पी53: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पी53 हे जनुक कर्करोग रोखते, मग त्याच्या दोन्ही प्रती काढून टाकलेली उंदराची पिल्ले जन्मतात तरी कशी? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, धरमपेठ)

जन्मतात, आणि बहुतेक धडधाकट दिसतात. काही मादी गर्भांचा मेंदू उघडा राहतो, ते दगावतात. 1992 मध्ये असे उंदीर पहिल्यांदा तपासले गेले, तेव्हा सहा महिन्यांत 35 पैकी 26 उंदरांना गाठी झाल्या. त्यांत लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग) सर्वांत जास्त, विशेषतः थायमस या छातीतल्या रोगप्रतिकार ग्रंथीचा. म्हणजे शरीर घडवायला हे जनुक फारसे लागत नाही. बिघडलेली पेशी अडवायला लागते.

हे थायमसच्या पेशींत स्वच्छ दिसते. सामान्य उंदराच्या या पेशींवर 5 ग्रे इतक्या मात्रेची किरणे टाकली की डीएनए तुटतो, पी53 जनुकाचे प्रथिन साचते आणि काही तासांत पेशी स्वतःच मरू लागतात. पी53 नसेल तर त्याच पेशी तुटका डीएनए घेऊन जगत राहतात. पण त्यांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषध दिले, तर मात्र मरतात. मरण्याची यंत्रणा शाबूत आहे. डीएनए तुटल्याची वर्दी तेवढी तिच्यापर्यंत पोचत नाही. पी53 चे काम समजून घ्यायला याहून चांगला प्रयोग नाही.

याची दुसरी बाजूही पाहा. एमडीएम2 हे प्रथिन पी53 ला आवरून धरते. ते काढले तर गर्भ रुजण्याच्या सुमारासच मरतो. सोबत पी53 देखील काढले तर पिल्लू जन्मते. 1995 मध्ये हे दिसले आणि पी53 निरोगी पेशीतही कायम तयार असते, फक्त दाबून ठेवलेले असते, हे पक्के झाले.

आरबी हे कर्करोग रोखणारे दुसरे जनुक बिघडले की लहान मुलांच्या डोळ्यात गाठ होते. उंदराच्या डोळ्यात का होत नाही? (प्राध्यापक, अमरावती रोड)

उंदराच्या रेटिनात (डोळ्याच्या पडद्यात) पी107 हे जवळचे प्रथिन आरबीची जागा भरून काढते. आरबीची एकच प्रत असलेल्या उंदराला गाठ होते ती पिट्युटरी ग्रंथीत. जनुक तेच, पण ऊती बदलली की रोग बदलतो. उंदरावरचा निकाल माणसाला लावण्याआधी ऊती कोणती, हे विचारलेच पाहिजे.

पीसीआरमध्ये (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून पाहण्याच्या चाचणीत) पी53 नसलेल्या पिल्लातही साध्या, म्हणजे न बिघडलेल्या प्रतीचा पट्टा येतो. चूक कुठे? शिवाय अशी 20 पिल्ले हवीत, तर किती जोड्या लावाव्यात? (संशोधक विद्यार्थी)

आधी प्रायमर, म्हणजे कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे, पाहा. उंदराच्या जीनोममध्ये पी53 चे एक छद्मजनुक (जनुकाची निकामी नक्कल) आहे, त्यात इंट्रॉन (जनुकातले प्रथिनाची माहिती नसलेले भाग) नाहीत. दोन्ही प्रायमर एक्सॉनवर (प्रथिनाची माहिती असलेल्या भागावर) बसत असतील तर पट्टा त्या छद्मजनुकातूनही येऊ शकतो. एक प्रायमर इंट्रॉनमध्ये घ्या, हा प्रश्न तिथेच मिटतो.

तरीही पट्टा आला तर दूषण, म्हणजे दुसऱ्या डीएनएची भेसळ, शोधा. दर खेपेला पाणी, साधा उंदीर आणि एक प्रत असलेला उंदीर असे तिन्ही नमुने सोबत चालवा. पाण्याच्या नळीत पट्टा दिसला तर ती अख्खी खेप रद्द. उलटी चूकही होते: एका नळीत तीन प्रायमर असले की आखूड तुकडा जोरात वाढतो, लांब पट्टा फिका पडतो आणि एक प्रत असलेले पिल्लू चुकीच्या गटात जाते. शेपटीचा तुकडा 2 मिलिमीटर पुरे. प्रोटिनेज के (प्रथिने पचवणारे एन्झाइम) 55 अंशांवर रात्रभर, मग 95 अंशांवर 10 मिनिटे. ही शेवटची पायरी गाळली तर हे एन्झाइम पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती काढणारे पॉलिमरेजच खाऊन टाकते.

एक प्रत असलेले नर-मादी जोडले तर चौथाई पिल्ले पी53 विना येतात, म्हणजे 20 साठी 80. पण मादी पिल्ले कमी पडतात, म्हणून 100 ते 110 धरून चाला. पी53 नसलेला नर आणि एक प्रत असलेली मादी जोडली तर निम्मी पिल्ले मिळतात. मात्र नर सहा ते आठ आठवड्यांचा असतानाच जोडीला लावा, कारण चार-पाच महिन्यांत त्यालाच गाठ होते. तुलनेसाठी त्याच वेतातली भावंडे घ्या.

तिसऱ्या महिन्यापासून रोज पाहणी हवी. धाप लागणे, पाठ वाकणे, केस विस्कटणे ही थायमसच्या गाठीची लक्षणे. मेलेला उंदीर सकाळी सापडला तर ऊती कुजलेली असते, नमुना हातचा जातो. म्हणून प्राणी नीती समितीने मान्य केलेली मर्यादा गाठताच उंदराला वेदनारहित मृत्यू द्या. गाठीचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये, एक द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा. एक प्रत असलेल्या उंदरांच्या जवळपास निम्म्या गाठींत उरलेली प्रत शाबूतच सापडते. ती गेली की नाही हे गोठवलेल्या भागातून नीट कळेल.

मे महिन्यात आमच्या प्राणिगृहात कूलर चालेल का? (प्रयोगशाळा साहाय्यक, नागपूर)

नाही. नागपुरात पारा 45 वर जातो आणि उंदरांना 20 ते 26 अंश लागतात. कूलर हवेत ओलावा भरतो, आणि पिंजऱ्यात अमोनिया वाढतो. एसी हवाच, आणि वीज गेली की आपोआप सुरू होणारा जनरेटरही. उष्म्याने नर काही आठवडे वांझ होतात. त्याहून वाईट म्हणजे उष्म्याने मेलेला उंदीर 'गाठीने मेला' म्हणून नोंदला गेला तर जगण्याचा अख्खा आलेख खोटा ठरतो. प्रत्येक मृत्यूनंतर शवविच्छेदन करा. गाठ नसेल तर तो उंदीर आलेखात 'सेन्सॉर' (गाठीच्या मृत्यूंत न मोजलेला) म्हणून दाखवा.

खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाणाऱ्याने पी53 ची तपासणी करावी का? (वाचक, इतवारी)

त्याचा उपयोग नाही. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात पी53 बहुधा बिघडलेले असते, पण तो बिघाड गाठीच्या पेशींत असतो, जन्मजात नसतो. रक्ताच्या तपासणीत आधी दिसणार नाही. घराण्यात कमी वयात हाडाचा, स्तनाचा, मेंदूचा कर्करोग अनेकांना झाला असेल, तर मात्र जनुकीय सल्ला जरूर घ्या. ती वेगळी गोष्ट.

खर्ऱ्यातली सुपारी तोंड आखडवते. आपली तीन बोटे उभी तोंडात जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नसेल, तर शासकीय दंत महाविद्यालयात लगेच दाखवा. चट्टा संशयास्पद वाटला तर डॉक्टर त्याचा छोटा तुकडा काढून तपासतात. ही बायोप्सी बहुतेकदा जागा बधिर करून बाह्यरुग्ण विभागातच होते. खर्रा मात्र तपासणीच्या तारखेची वाट न पाहता आजच बंद करा.