घाटासाठी मोठी कॅसेट बसवताय? आधी चेन मोजा

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं आठवलं. पुढे ५०/३४ (पेडलजवळच्या दोन चक्रांचे, म्हणजे चेनरिंगचे दात), मागे ११-२८ (मागच्या चाकावरच्या चक्रांच्या संचाचे, म्हणजे कॅसेटचे सर्वात कमी आणि सर्वात जास्त दात), कॅरिअरवर १४ किलो सामान, १० टक्क्यांच्या चढावर पेडल फिरेनासं होतं आणि गुडघ्याच्या वाटीपाशी कळ येते. त्यावर 'पाय तयार करा' असा सल्ला तुम्हाला मिळालाय. मला तो अजिबात पटत नाही. पाय तयार व्हायला महिने लागतात आणि तोवर गुडघा बिघडलेला असतो. गिअर बदला.

हिशेब असा. तुम्ही ७० किलो, सायकल ११, सामान १४, म्हणजे एकूण ९५ किलो. १० टक्के चढावर ताशी ६ किलोमीटरच्या वेगालासुद्धा साधारण १६५ वॅट लागतात. ही ताकद दोन्ही गिअरमध्ये तेवढीच लागते, पण ३४-२८ वर (पुढे ३४, मागे २८ दात) पेडलचे मिनिटाला जेमतेम ३९ फेरे होतात, तर ३४-३४ वर ४७. फेरे कमी म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त, आणि तो सगळा गुडघ्यावर येतो. पुढे ४६/३० बसवता आलं तर ३०-३४ वर ५३ फेरे मिळतात. मला विचाराल तर सामान लादून डोंगरात जाणाऱ्याला तेच योग्य. पण त्यात क्रँक (पेडलचे दांडे, चेनरिंगसकट) बदलावा लागतो, म्हणून आधी कॅसेटचंच बोलू.

तुमचा मेकॅनिक 'नुसती कॅसेट बदलू' म्हणालाय, तिथे मला धोका दिसतो. माझ्या सायकलवर ११-३४ चढवताना एका सर्व्हिस सेंटरने जुनी चेन तशीच ठेवली होती. ती २८ दातांसाठी मोजून कापलेली. घाटात, थकलेल्या अवस्थेत, मोठ्या चेनरिंगवर असताना मागचा मोठा दात (म्हणजे कॅसेटचं सर्वात मोठं चक्र) टाकला गेला की चेनला लांबीच उरत नाही. डिरेलरचा (मागे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा) केज, म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा हात, पुढे ताणला जातो, हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकतो, वाईट वेळ असेल तर डिरेलर स्पोकमध्ये जातो आणि चाक जागीच अडकतं. सर्वात महाग पडलं ते हेच. वर उत्तर काय मिळालं, तर 'मोठं-मोठं टाकायचंच नसतं'. नसेल टाकायचं, पण दमलेला माणूस ते टाकणार हे गृहीत धरूनच चेन कापायची असते. ही जबाबदारी ग्राहकावर ढकलणाऱ्या ठिकाणी सायकल देऊ नका.

चेनचं गणित घरी करता येतं. चेनस्टेची लांबी इंचात घ्या, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून मागच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंत. तिची दुप्पट, अधिक मोठ्या चेनरिंगच्या दातांचा चौथा भाग, अधिक कॅसेटच्या सर्वात मोठ्या चक्राच्या दातांचा चौथा भाग, अधिक १. उत्तर वरच्या पूर्ण इंचाला न्या. एका इंचात दोन कड्या. चेनस्टे ४२ सेंटिमीटर असेल तर ११-२८ ला १०८ कड्या येतात आणि ११-३४ ला ११२. या चार कड्यांसाठी एवढं रामायण होतं. टूरिंग फ्रेमचा चेनस्टे ४६ सेंटिमीटरच्या आसपास असतो, तिथे ११८ लागतात. म्हणून विकत घेताना खोक्यावर ११६ लिहिलंय की जास्त, ते बघा. शंका आली तर चेन लांब ठेवा. लांब चेन लहान-लहान गिअरवर लोंबेल, खडखडेल. आखूड चेन मोडतोड करते.

आता डिरेलर. दातांच्या फरकांची बेरीज करा: पुढचा फरक ५० वजा ३४ म्हणजे १६, मागचा ३४ वजा ११ म्हणजे २३, एकूण ३९. तुमचा डिरेलर एवढं पेलतो का, हे उत्पादकाच्या तक्त्यात मॉडेल नंबरवरून कळतं. शॉर्ट केज असेल तर बहुधा पेलणार नाही, मीडियम केज घ्यावा लागेल. हँगर खाली नेणारी लिंक लावून भागवणारे आहेत. तिने मोठा दात बसतो, पण केजची लांबी तीच राहते. त्यामुळे मला ती अर्धवट वाटते.

अजून एक. शिमानो कंपनीची ११-स्पीड (मागे ११ चक्रं असलेली) ११-३४ कॅसेट ११-स्पीडच्या रोड फ्रीहबवर (चाकाच्या ज्या भागावर कॅसेट चढते त्यावर) बसवताना मागे १.८५ मिलिमीटरची स्पेसर रिंग लागते. ती विसरली तर लॉकरिंग (कॅसेट जागी धरणारी रिंग) पूर्ण आवळूनही कॅसेट हलते आणि गिअर कधीच नीट जुळत नाहीत. मग केबलला दोष दिला जातो. शेवटी बी-स्क्रू (डिरेलर कॅसेटपासून किती दूर राहील ते ठरवणारा स्क्रू): डिरेलरची वरची पुली आणि मोठा दात यांत ५ ते ६ मिलिमीटर अंतर राहू द्या. नव्या कॅसेटवर झिजलेली चेन नको, हे तुम्हाला माहीत असेलच.

मी व्यवसायाने मेकॅनिक नाही. वरचं सगळं ११-स्पीड, केबलवर चालणाऱ्या गिअरपुरतं आहे. १२-स्पीड किंवा इलेक्ट्रॉनिक असेल तर तक्ते वेगळे.

विचारलं नाहीत तरी सांगतो: तुमचा हँगर नेमक्या मॉडेलचा जादा घेऊन ठेवा. तो फ्रेमनुसार वेगळा असतो, खेड्यात मिळणं कठीण. लादलेली सायकल उजवीकडे पडली तर खालच्या गिअरवर जाण्याआधी मागून बघा, केज कॅसेटला समांतर आहे का. वाकलेल्या हँगरवर सर्वात मोठा दात टाकला की केज स्पोकला लागतो. उतारावर रिम ब्रेक असतील तर सतत दाबून धरू नका. वळणाआधी जोरात दाबा, मग सोडा, म्हणजे रिमला थंड व्हायला वेळ मिळतो. ९५ किलो वजन ५०० मीटर खाली उतरताना सुमारे ४६६ किलोज्यूल ऊर्जा सुटते. हळूहळू, ब्रेक ओढत उतरलात तर हवेवर फार कमी खर्च होते आणि बाकीची रिममध्ये शिरते. ट्यूब फुटतात त्या यामुळे.

सायकल ताब्यात घेताना स्टँडवर स्वतः हाताने पेडल फिरवा आणि मोठ्या चेनरिंगवरून मागच्या मोठ्या दातावर हलकेच न्या. केज पूर्ण सरळ ताणलेला दिसला तर तिथेच थांबा आणि चेन बदलून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.