चार आण्याचं हरीण, बारा आण्याचं रान

टेक्ससमध्ये व्हाइटटेल हरणांचा मोसम जानेवारीत संपतो. मग रायफली कपाटात जातात आणि मंडळी जमिनीच्या जाहिराती बघत बसतात. त्यामुळे या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत: शिकारीसाठी स्वतःची जमीन घ्यावी का?

आम्ही ह्यूस्टनला असतो. तीन वर्षं मित्रांबरोबर लीजवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या रानात, शिकारीला जातोय, हंगामाला माणशी २,५०० डॉलर पडतात. आता मेसन काउंटीत ४० एकर जमीन ४ लाख डॉलरला मिळतेय. मुलं दहा आणि सात वर्षांची आहेत. लीजचे पैसे वायाच जातात ना, मग घेऊन टाकावी का?

लीजचे पैसे वाया जातात हे एजंटचं वाक्य आहे. हिशेब मांडून बघू. लाखभर खिशातून घातलेत आणि तीन लाखांचं कर्ज समजा आठ टक्क्यांनी काढलंत, तर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच २४,००० च्या घरात जातं. (मोकळ्या जमिनीला बँक घरासारखं स्वस्त कर्ज देत नाही.) तेवढ्यात तुमची लीज साडेनऊ वर्षं चालेल. कर, कुंपण, हरणांना घालायचा मका, डिझेल यांचे सहा हजार धरले, की झाले तीस. आता कॅलेंडर काढा. मुलांची मराठी शाळा, सॉकर, मंडळाचा गणपती, भारतवारी वजा जाता वर्षात पंधरा खेपा झाल्या तरी डोक्यावरून पाणी. म्हणजे खेपेला दोन हजार डॉलर, आणि जायला साडेचार तास, यायला साडेचार. मेसन ज्या हिल कंट्रीत (मध्य टेक्ससच्या डोंगराळ भागात) येतं, तिथली हरणं अंगाने लहान. एका मादीचं हाडं काढून तीसेक पौंड मटण निघतं. ते काय भावाने पडलं, हे घरी मोठ्याने बोलू नका.

शिवाय ४० एकर हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. चौकोनी तुकडा असेल तर त्याची एक बाजू जेमतेम चारशे मीटर. नर हरीण काहीशे एकरांत हिंडतं. ते तुमचा मका खातं आणि शेजाऱ्याच्या ब्लाइंडसमोर (शिकाऱ्याने लपून बसायच्या खोपीसमोर) आडवं पडतं.

माझे ६२ एकर ऑस्टिनपासून दीड तासावर आहेत. गेल्या ऑक्टोबरात शनिवारी पहाटे निघालो, म्हटलं दुपारपर्यंत फीडर (हरणांना मका टाकणारं यंत्र) भरू आणि संध्याकाळी धनुष्य घेऊन बसू. फीडरची बॅटरी मेलेली, टायमरच्या डबीत लाल मुंग्यांनी संसार मांडलेला. ब्लाइंडचं दार उघडलं तर कोपऱ्यात तळहाताएवढं गांधीलमाश्यांचं पोळं. ते निस्तरून ओढ्याकडे गेलो, तर पुराने कुंपणाचा तीस फूट तुकडा वाहून नेलेला आणि आत रानडुकरांनी नांगरल्यासारखी जमीन उकरलेली. संध्याकाळी धनुष्य गाडीतच राहिलं. मी तारा ओढत होतो, आणि खरं सांगायचं तर मजेत होतो.

तुम्हाला ती मजा वाटते का, हे जुलैत कळतं. लीजच्या मालकाला विचारा, ‘कुंपणाच्या कामाला येऊ का?’ तो नाही म्हणणार नाही. मुलांना न्या. दुसऱ्यांदा मुलं आपणहून गाडीत बसली तर पुन्हा लिहा. तोवर माझं उत्तर नाही. लीज चालू ठेवा, वर ४८ डॉलरचा सार्वजनिक शिकारीचा वार्षिक परवाना घ्या. राज्यभरात दहा लाख एकरांहून जास्त रान त्यावर उघडं आहे. आणि पुढे कधी घेतलीत, तर घरापासून दोन तासांच्या आत. त्यापलीकडचं रान फोटोतच राहतं.

एजंट म्हणतो, ‘वाइल्डलाइफ एक्झेम्प्शन’ घेतलं की प्रॉपर्टी टॅक्स जवळजवळ माफ. खरं का? (डॅलस)

अर्धं. ही माफी नव्हे, कर बसवण्याची वेगळी पद्धत आहे. शेतजमिनीला बाजारभावावर नाही, तर उत्पन्नक्षमतेवर कर लागतो. १९९५ मध्ये मतदारांनी कौल दिल्यावर वन्यजीवांसाठी राखलेल्या जमिनीलाही तीच सवलत मिळाली. पण जमिनीला आधीपासून शेतीची किंवा वनशेतीची सवलत असायला हवी. कोऱ्या जमिनीवर ती लागत नाही. मोठं रँच कापून तुकडे विकत असतील तर किमान क्षेत्राची अट आडवी येते, म्हणून सही करण्याआधी काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टला (करासाठी जमिनीची किंमत ठरवणाऱ्या कचेरीला) स्वतः फोन करा, एजंटच्या भरवशावर राहू नका. अर्ज एप्रिलअखेर जातो.

मग सात कामांपैकी निदान तीन दर वर्षी करायची: अधिवास राखणं, धूप रोखणं, हिंस्र आणि उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त, पाणी, खाद्य, निवारा, गणती. शिकार या यादीत नाही, ते लक्षात घ्या. हरणंच हवीत असंही नाही, पक्ष्यांवरही भागतं. आमच्याकडे ऑगस्टच्या रात्री गणती असते. मी पिकअप पाच मैलांच्या वेगाने हाकतो, मुलगा स्पॉटलाइट फिरवतो आणि बायको मागे बसून चमकणारे डोळे मोजते. तिच्या वहीत गेल्या वेळी ‘हरणं १४, गाय १ (शेजाऱ्यांची)’ अशी नोंद होती. पुढे जमिनीचा वापर बदललात तर मागच्या तीन वर्षांचा वाचलेला कर भरावा लागतो.

जमीन घेताना कागदांत काय बघायचं? इथे सातबारा तर नसतो. (सॅन अँटोनियो)

सातबारा नसला तरी भानगडी त्याच. पहिली रस्त्याची. दुसऱ्याच्या रानातून जावं लागत असेल तर वहिवाटीचा हक्क नोंदलेला हवा. ‘शेजारी चांगले आहेत’ हा हक्क नव्हे, शेजारी जमीन विकतात.

दुसरी भानगड आपल्याकडच्या माणसाच्या ध्यानातच येत नाही. टेक्ससमध्ये जमिनीचा पृष्ठभाग एकाचा आणि खालचं तेल-वायू दुसऱ्याचं असू शकतं, आणि कायद्यात खालच्याचं पारडं जड. तो तुमच्या ब्लाइंडशेजारून रस्ता काढून विहीर खोदू शकतो. त्यामुळे खनिजहक्क कुणाकडे आहेत आणि पृष्ठभाग वापरायचा हक्क कुणी सोडून दिलाय का, हे वकिलाकडून वाचून घ्या.

मोजणी झाली की हद्दीच्या झाडांवर जांभळे पट्टे मारा: उभे, आठ इंच लांब, इंचभर रुंद, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर. इथे जांभळा रंग म्हणजे कायद्याने ‘आत यायचं नाही’.

काका, मी एच-वन-बीवर आहे. बंदूक बाळगता येते का? (प्लेनो)

तात्पुरत्या व्हिसावरच्यांना फेडरल कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद. आधी परवाना, मग बंदूक, आणि त्याच्याही आधी इमिग्रेशन वकील. २ सप्टेंबर १९७१ किंवा नंतरचा जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो. हे सगळं स्वतःच्या जमिनीवरसुद्धा.

आमच्या ह्यांनी दोन वर्षांपूर्वी मला न विचारता जमीन घेतली. आता प्रत्येक शनिवार तिकडे. मी गेले तर करू काय? तिथे संडाससुद्धा नाही. (राउंड रॉक)

ताई, चूक त्यांची आहे, आणि दोन्ही बाबतींत. आमच्या घरात ‘आधी बाथरूम, मग ब्लाइंड’ ही अट बायकोने घातली होती आणि सेप्टिक टँकच्या खर्चात माझी नवी रायफल गेली. तुम्हीही अट घाला. महिन्याचे दोन शनिवार घरचे, आणि वर्षाचा एकूण खर्च एका कागदावर लिहून फ्रिजवर. त्यांनी तो आजवर जोडून बघितलेला नसणार. विकायची वेळ आलीच तर घाईचं ठेवू नका, रान विकायला महिने लागतात.

भिवापूरजवळ आमचं बारा एकर शेत आहे, जंगलाला लागून. चितळ, रोही (नीलगाय), डुक्कर रोजचे. तुमच्यासारखं शिकारीचं खासगी रान इथे करता येईल का? (नागपूर)

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, जमीन कुणाचीही असो. पिकाचं नुकसान होत असेल तर पंचनामा करून भरपाई मागा. डुकरांचा बंदोबस्तही वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. आणि कुंपणात वीज सोडायचा विचार कुणी सुचवला तर त्याला बांधावरूनच परत पाठवा, त्यात माणसं मरतात.

तुमचं चितळ १९३२ मध्ये टेक्ससला आणलं गेलं, आणि रोहीही त्याच सुमारास दक्षिण टेक्ससच्या किंग रँचवर आले. परदेशी प्राणी म्हणून इथे त्यांना मोसम नाही, परवाना असला की बारा महिने मोकळीक. माझ्या कुंपणापलीकडे चितळांचा कळप येतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी दुर्बीण काढली, रायफल नाही. शेजारी अजून हसतो.