रोज एक भीतीदायक शब्द घेऊन चित्र काढतोय. यातून इलस्ट्रेशनचा पोर्टफोलिओ उभा राहील का?

उभा राहील, पण त्यासाठी त्या शब्दाकडे बघायची पद्धत बदलावी लागेल. तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरभर कवटी, वटवाघूळ, विहीर, बाहुली असे शब्द घेऊन रोज एक चित्र शाईत पूर्ण केलंत आणि आता ती सगळी ३१ चित्रं दिवाळी अंकांच्या संपादकांना पाठवायची आहेत. मी दिवाळी अंकांतल्या कथांसाठी चित्रं काढते, त्यात गूढकथा आणि भयकथा पुष्कळ असतात. म्हणून स्पष्टच सांगते, सगळी पाठवू नका.

ऑक्टोबरभर रोज एक शाईचं चित्र काढायचा हा उपक्रम म्हणजे इंकटोबर. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने २००९ साली तो सुरू केला तो स्वतःचा शाईतला हात सुधारावा म्हणून. म्हणजे मुळात तो रियाज आहे. संपादकाला काय हवं असतं? आठ-दहा पानांची कथा हातात दिली, तर हा चित्रकार त्यातला नेमका कुठला क्षण उचलेल, हे त्याला बघायचं असतं. नुसत्या कवटीवरून, ती कितीही देखणी असली तरी, ते कळत नाही. म्हणून शब्द आला की आधी त्याची कथा करा. दोन-तीन ओळी पुरतात: कोण, कुठे, कुठल्या वेळी, आणि काय बिनसलंय.

तुमचाच ‘विहीर’ घ्या. पहिल्यांदा सगळ्यांना सुचतं ते म्हणजे मोकळे केस सोडून विहिरीतून वर येणारी बाई. ते बाजूला ठेवा आणि भर दुपार घ्या. परसातली विहीर, एक बाई रहाटाने पाणी शेंदतेय, तिची पाठ घराकडे. विहिरीच्या काठावरून ओली पावलं निघालीत आणि मागच्या दारातून आत गेलीत. बाईला ती दिसलेली नाहीत. शाईच्या दृष्टीने हे चित्र फार सोयीचं आहे: अंगण कोरं पांढरं सोडायचं, सावल्या आखूड, आणि त्या उन्हात काळी ठेवायची ती फक्त पावलं. वाचकाची नजर आधी बाईवर जाईल, मग पावलांवर आणि मग दारावर. हा क्रम तुम्ही ठरवलात हे संपादकाला लगेच कळतं.

जपानी चित्रकार योशितोशी याने १८८९ ते १८९२ या काळात ३६ भुतांची मुद्राचित्र-मालिका केली, ती जरूर बघा. त्यात कियोहिमेचं चित्र आहे. प्रेमात धुडकावली गेलेली ही मुलगी नदी ओलांडताना नागीण होते, अशी दंतकथा. चित्रात नागीण कुठेच नाही. ओले केस पिळत उभी असलेली मुलगी आणि तिच्या वस्त्रावर खवल्यांसारखी त्रिकोणी नक्षी, बस्स. मला हे चित्र कितीही वेळा पाहिलं तरी पुरत नाही.

दुसरी गोष्ट, शब्दांची यादी स्वतः करा. भोपळा आणि व्हँपायर जगभरातले लोक काढतातच. आपल्याकडे मुंजा आहे, हडळ आहे, गिऱ्हा आहे, साती आसरा आहेत, कोकणात देवचार आहे. चकवा तर चित्रकाराला मिळालेलं वरदान आहे, कारण त्याला रूपच नाही. माणूस रात्रभर चालतो आणि पुन्हा त्याच जागी येतो, हे एका चौकटीत कसं दाखवाल? मी एकच वाकडं झाड तीन वेगवेगळ्या अंतरांवर काढेन आणि तिन्हींच्या फांदीला तीच फाटकी चिंधी अडकलेली दाखवेन.

मुंजा काढताना जानव्याकडे लक्ष द्या. एरवी ते डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे येतं. श्राद्धात, पितरांसाठी, ते उजव्या खांद्यावर घेतात, म्हणजे अपसव्य. पिंपळाच्या पारावर पाय हलवत बसलेला, लंगोटी आणि शेंडीतला गोड मुलगा काढा आणि जानवं अपसव्य ठेवा. ज्याला कळेल त्याच्या अंगावर काटा येईल. दात आणि रक्त काढायची गरजच उरणार नाही.

आता निवडीचं. दहा-बारा चित्रं पुरे. त्यात एकाच कथेची निदान तीन चित्रं असू द्या, ज्यांत तेच पात्र वेगवेगळ्या कोनांतून आणि वेगवेगळ्या उजेडात ओळखू येतं. पात्र टिकवणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे आणि रोजच्या सुट्या शब्दांतून ते कधीच तपासलं जात नाही. एखादं मुखपृष्ठ करा, शीर्षकासाठी जागा सोडून. दोन-तीन छोटी चित्रं करा, मजकुराच्या कोपऱ्यात बसतील अशी. प्रत्येक चित्राखाली तुमच्या त्या दोन-तीन ओळी द्या. चित्रावरची ‘दिवस सतरावा’ वगैरे नोंद काढून टाका.

छपाईचा विचार आधीच करा. अंकाच्या आतली चित्रं बऱ्याचदा एकरंगी आणि साध्या कागदावर छापली जातात. तिथे पातळ शाईचे नाजूक करडे थर मळकट दिसतात. रेघांनी भरलेली सावली आणि ठोस काळा रंग टिकतो. कॅम्लिनची वॉटरप्रूफ शाई, एक बोरू किंवा निब आणि बारीक ब्रश एवढ्यावर हे सगळं होतं. रेखाचित्र ६०० डीपीआयला स्कॅन करा, मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका.

आणि ऑक्टोबरात पाठवू नका. तेव्हा अंक छापून तयार असतात किंवा छापखान्यात असतात. चित्रांची कामं पावसाळ्यात वाटली जातात, म्हणून त्याआधीच, मे महिन्यात मेल करा. पाच-सहा चित्रांची छोटी पीडीएफ जोडा, बाकीच्यांची लिंक द्या. तोवर तुमच्या ३१ मधली जी चार-पाच चित्रं तुम्हालाच सोडवत नाहीत, ती घेऊन त्यांच्या कथा लिहायला घ्या आणि प्रत्येकीची पुढची दोन चित्रं काढा.